टँकर कुठून न्यायचा आणि कुठे थांबवायचा

मागच्या व्याख्यानात आपण ‘करणं’ आणि ‘घडू देणं’ यांतला फरक पाहिला होता. ते सगळं फार हवेतलं झालं, असं बऱ्याच जणांनी कळवलं. तक्रार रास्त आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवल्यावर माणसाला ही खोड लागतेच. म्हणून आज आपण एक टँकर घेऊ. त्यात अमोनिया भरलेला आहे आणि तो मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून पुण्याच्या दिशेने निघाला आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी, एम.ए.ला नीतिशास्त्र घेतलेला, पुढे पोटापाण्यासाठी मालवाहतुकीच्या धंद्यात गेला. एका कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये तो बसतो. समोर पडदा, पडद्यावर नकाशा, नकाशावर सरकणारे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक टँकर. एका संध्याकाळी पाचच्या सुमारास त्याला कळलं की घाटात एक ट्रेलर आडवा झाला आहे आणि मागे वाहनांची रांग लागायला लागली आहे. त्याचा अमोनियाचा टँकर तेव्हा खालापूरच्या टोलनाक्यापाशी होता. म्हणजे निर्णयाला हातात जेमतेम पाच-सात मिनिटं. पुढे खोपोलीचा फाटा. तो सुटला की घाट, आणि घाटात मागे फिरता येत नाही.

त्याच्यापुढे काय काय होतं? टँकर सरळ जाऊ दिला, तर तो एसटी आणि मोटारींच्या गर्दीत, माणसांच्या मधोमध, तासन्‌तास उभा राहणार. फूड मॉलवर थांबवला, तर तिथे शेकडो लोक वडापाव खात उभे. खोपोलीला उतरवून जुन्या रस्त्याने वर पाठवला, तर तो रस्ता आधी गावातून जातो आणि वर घाटात पुन्हा द्रुतगती मार्गालाच मिळतो; म्हणजे गावही धोक्यात आणि शेवटी कोंडी ती कोंडीच. त्याने चौथं केलं. क्लीनरच्या फोनवर सांगून टँकर खोपोलीला उतरवला आणि गावाबाहेरच्या एका मोकळ्या जागेत उभा करायला लावला. चार तास तो तिथे उभा होता. रात्री घाट मोकळा झाला, टँकर निघून गेला. काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. टँकरवर जो चौकोनी फलक असतो, त्यावरचा आणीबाणीचा नंबर कोणीतरी लिहून घेतला होता. समोरचा माणूस शांतपणे म्हणाला, ‘साहेब, काल तुमचा टँकर आमच्या वस्तीशेजारी चार तास उभा होता. तो तिथे उभा करायचं कोणी ठरवलं?’ आमचा विद्यार्थी म्हणाला, ‘घाटात फार माणसं अडकली होती हो, म्हणून.’ त्यावर तो माणूस म्हणाला, ‘बरोबर आहे. पण मग आमची मोजली होतीत का?’

मोजली नव्हती. ‘सर, मला तिथे वस्ती आहे हेच माहीत नव्हतं,’ असं तो आम्हाला सांगत होता. ‘नकाशावर तो भाग नुसता हिरवा दिसतो.’ त्याचा प्रश्न असा होता की आपण चुकलो का. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाची उलटतपासणी समजा.

आधी यंत्र हा हिशेब कसा करतं ते पाहू. १९५६ साली एड्सखर डाइक्स्ट्रा नावाचे एक तरुण डच गणिती आपल्या वाग्दत्त वधूबरोबर ॲम्स्टरडॅममध्ये खरेदीला गेले होते. दमून ते कॉफी प्यायला बसले, आणि कागद-पेन्सिल न घेता वीसेक मिनिटांत त्यांनी दोन गावांमधला सगळ्यात जवळचा रस्ता शोधण्याची एक रीत मनातल्या मनात रचली. १९५९ साली ती प्रसिद्ध झाली. आजच्या मार्ग दाखवणाऱ्या ॲपांच्या पोटात त्याच रीतीची पोरं-नातवंडं आहेत. तिचं मर्म असं, की रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला एक आकडा द्यायचा आणि बेरीज कमीत कमी होईल अशी तुकड्यांची साखळी निवडायची. आकडा किलोमीटरांचा असेल तर सगळ्यात जवळचा रस्ता मिळतो, मिनिटांचा असेल तर लवकर पोचवणारा. आणि आकडा धोक्याचा असेल तर?

धोक्याचा आकडा साधारण असा काढतात: त्या तुकड्यावर अपघात होण्याची शक्यता, गुणिले अपघात झालाच तर माल बाहेर पडण्याची शक्यता, गुणिले तो माल जिथवर पोचेल तिथवरची माणसं. यातली तिसरी गोष्ट क्षणोक्षणी बदलते, आणि ‘ऐनवेळची मार्गनिवड’ हा प्रकार मुख्यतः तिच्यामुळे जन्माला आला. शाळा सकाळी भरलेली असते, रात्री रिकामी. बाजाराच्या दिवशी गाव दुप्पट होतं. माल कुठवर पोचेल हेही ठरलेलं नसतं. उत्तर अमेरिकेतली अग्निशामक दलं जी मार्गदर्शक पुस्तिका वापरतात, तिच्यात एलपीजीचा टँकर आगीत सापडला तर चहूबाजूंनी १६०० मीटर मोकळं करा असं सांगितलेलं आहे. तिथे वाऱ्याचा प्रश्न नाही, स्फोट वारा पाहत नाही. पण क्लोरीन किंवा अमोनिया सांडला, तर वाऱ्याच्या दिशेला किती अंतर रिकामं करायचं याचे दिवसाचे आणि रात्रीचे आकडे वेगळे आहेत, आणि रात्रीचे मोठे आहेत. कारण दिवसा ऊन हवेला घुसळतं, वायू विरळ होतो. रात्री हवा स्थिर असते आणि ढग जमिनीलगत लांबवर सरकत जातो. ‘रात्री रस्ता मोकळा, तेव्हा टँकर रात्री काढा’ हा आपला सरधोपट सल्ला पेट्रोलला जितका लागू आहे, तितका क्लोरीनला नाही. शिवाय अमोनिया हवेपेक्षा हलका म्हणून वर निघून जाईल, असं शाळेतलं रसायनशास्त्र सांगतं; पण द्रवरूप अमोनिया फुटून बाहेर पडतो तेव्हा त्याचा थंडगार ढग आधी जमिनीलाच चिकटतो.

आणि नकाशाची एक मोठी उणीव. नकाशाला उंची नसते. १३ जून २०२३ रोजी याच द्रुतगती मार्गावर, कुणे गावाजवळच्या पुलावर, ज्वलनशील रसायनाचा एक टँकर उलटून पेटला. पेटलेला द्रव पुलावरून खालच्या रस्त्यावर सांडला. चार जण गेले. त्यांत पुलाखालून जाणारे होते, ज्यांचा त्या टँकरशी आणि त्या मार्गाशी काहीएक संबंध नव्हता. नकाशात ते दोन रस्ते म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या दोन रेघा. धोक्याच्या हिशेबात त्यातली एक दुसरीच्या डोक्यावर आहे. घाटात तर सगळाच प्रकार असा; हवेपेक्षा जड असलेला एलपीजी उतारावरून पाण्यासारखा खाली वाहत येतो.

इथवर तंत्रज्ञ मंडळी आपल्याबरोबर असतात. ‘माहिती कमी पडते ना, मग वाढवू,’ म्हणतात. ती वाढतेही आहे. आपल्याकडे आता धोकादायक माल नेणाऱ्या वाहनांना ठावठिकाणा कळवणारं यंत्र लागतं. पण माहिती पूर्ण आहे असं क्षणभर धरलं, तरी एक प्रश्न उरतोच: बेरीज नेमकी कशाची करायची?

समजा ‘क’ रस्त्यावर दहा लाख खेपांमागे दहा अपघात होतात आणि प्रत्येकात शंभर माणसं सापडतात. ‘ख’ रस्त्यावर तेच दहा अपघात होतात, आणि त्याखेरीज नव्वद किरकोळ अपघात होतात, दर अपघातात एक माणूस. कोणता रस्ता बरा? ‘क’, यात वाद नाही. ‘ख’वर ‘क’चं सगळं वाईट आहे आणि वर आणखी आहे. आता ‘एका अपघातात सरासरी किती माणसं सापडतात’ असं विचारा. ‘क’वर शंभर. ‘ख’वर एक हजार नव्वद भागिले शंभर, म्हणजे अकरासुद्धा नाही. ‘ख’ जिंकला! हा आमचा शब्दच्छल नव्हे. ‘अपघात झालाच तर किती हानी’ हे माप मार्गनिवडीच्या शास्त्रात गंभीरपणे मांडलं गेलं, कारण मोठी दुर्घटना टाळावी हा त्यामागचा हेतू चांगला होता. त्या मापाने असली विपरीत उत्तरं निघू शकतात, हे नंतर त्याच शास्त्रातल्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. म्हणजे पडद्यावर हिरवी रेघ उमटते, तेव्हा ती कोणत्या मापाने हिरवी आहे हे आधी विचारायचं. बहुतेक कंट्रोल रूममध्ये हे कोणी विचारत नसावं, असा आमचा अंदाज आहे.

कधी कधी तर मापात माणसं नसतातच. ११ जुलै १९७८, स्पेन. तारागोना इथून प्रोपिलीन भरून एक टँकर निघाला, क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त भरलेला. समांतर महामार्ग होता, पण त्याला टोल होता. टँकर बिनटोलाच्या किनारी रस्त्याने गेला. तो रस्ता लोस अल्फाकेस नावाच्या तळाला खेटून जातो, जिथे उन्हाळ्याच्या सुटीत कुटुंबं तंबू ठोकून राहतात. दुपारी अडीचच्या सुमारास टँकर तिथेच फुटला. दोनशेहून अधिक माणसं गेली. समुद्रस्नानाला आलेली, पोहण्याच्या कपड्यांतली. त्या दिवशीही बेरीज कमीत कमी होती, फक्त ती पैशांची होती. त्यानंतर स्पेनमध्ये असा माल वस्तीतून नेण्यावर बंधनं आली.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. २४ मार्च १९९९ला फ्रान्स-इटलीमधल्या माँ ब्लाँ बोगद्यात ट्रक पेटला आणि ३९ माणसं गेली. त्या ट्रकमध्ये काय होतं? मार्गारीन आणि पीठ. नियमांच्या लेखी तो ‘धोकादायक माल’ नव्हताच.

आता वस्तीतल्या त्या माणसाकडे येऊ. ‘आमची मोजलीत का’ या त्याच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पहिला आकड्याचा: आम्हीही माणसं आहोत, आम्हाला बेरजेत धरा. याला उत्तर देता येतं. दुसरा मात्र बेरजेत मावत नाही: तुम्ही मोजली असती आणि आम्ही थोडे निघालो असतो, तर आमच्या दारात टँकर उभा करायचा अधिकार तुम्हाला मिळाला असता का?

या दुसऱ्या प्रश्नावर अमेरिकेत कोर्टबाजी झाली आहे. जानेवारी २००५मध्ये साउथ कॅरोलायनातल्या ग्रॅनिटव्हिल इथे रेल्वेचा क्लोरीनचा वॅगन फुटून नऊ जण गेले. वॉशिंग्टनमध्ये क्लोरीनचे वॅगन कॅपिटॉलच्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावरून जात. फेब्रुवारीत तिथल्या नगर परिषदेने कायदा केला: कॅपिटॉलभोवती २.२ मैलांच्या आत असा माल परवान्याशिवाय आणायचा नाही. रेल्वे कंपनी न्यायालयात गेली. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की क्लोरीन तर न्यायचाच आहे. तुमच्या शहरातून नाही तर दुसऱ्या कोणाच्या तरी गावातून, आणि लांबच्या वळशाने. प्रत्येक शहराने असं केलं तर? मे महिन्यात अपील न्यायालयाने कायद्याची अंमलबजावणी रोखली. पुढे २००८मध्ये संघ सरकारने नियम केला की रेल्वे कंपन्यांनीच मार्गांची तुलना करावी, निदान २७ घटक पाहून: लोकवस्ती, रुळांची अवस्था, चढउतार, पर्यायी मार्ग वगैरे. पण कोणत्या घटकाला किती वजन द्यायचं, हे त्या नियमात नाही. तत्त्वज्ञाचं सगळं काम त्या न लिहिलेल्या वजनांमध्ये आहे.

फिलिपा फूट यांची ट्राम तुम्हाला मागच्या वेळेपासून आठवत असेल, १९६७चा निबंध. ट्राम सरळ गेली तर पाच माणसं, वळवली तर एक. बहुतेक लोक म्हणतात, वळवावी. १९७७ साली जॉन टॉरेक यांनी विचारलं, की माणसांची अशी बेरीज होतेच का? पाच जणांचं दुःख एकत्र भोगणारा असा कोणी एक नसतो. प्रत्येक जण आपलाच जीव गमावतो. आम्ही स्वतः टॉरेक यांच्या मताचे नाही. पण टँकरच्या बाबतीत ट्रामचं उदाहरणच थोडं फसवं आहे. ट्राम एकदाच येते. टँकर रोज येतो. दर वेळी बेरीज कमीत कमी ठेवायची म्हटलं, तर दर वेळी तीच विरळ वस्ती निवडली जाणार. एकेकटा निर्णय निर्दोष, आणि हजार निर्दोष निर्णयांनंतर एका पाड्याच्या वाट्याला सगळ्या जिल्ह्याचा धोका. त्या पाड्याला टँकरमधल्या खताचा किंवा बर्फाच्या कारखान्याचा फायदा कितपत पोचतो, तेही पाहायला हवं.

यावर शास्त्रज्ञांनी उपाय सुचवलेला आहे: धोका वाटून घ्या. कोणत्याही भागाच्या वाट्याला अमुकपेक्षा जास्त खेपा नकोत, अशी मर्यादा घालून मग कमीत कमी बेरीज शोधा. काहींनी खेळाच्या सिद्धान्तावरून असंही दाखवलं की अपघाताची शक्यता नीट माहीत नसेल, तर एकाच मार्गावर विसंबण्यापेक्षा खेपा अनेक मार्गांवर वाटणं शहाणपणाचं. ऐकायला न्याय्य वाटतं. आम्हालाही बराच काळ वाटत होतं.

आमचं मत बदललं ते एका निवृत्त अग्निशामक अधिकाऱ्यांशी बोलताना. ते म्हणाले, ‘तुम्ही मार्ग रोज बदलाल, पण आम्ही कुठे उभं राहायचं?’ अमोनियाच्या गळतीला पाण्याची फवारणी लागते, श्वसनयंत्रं लागतात, ती वापरता येणारी माणसं लागतात. ही तयारी ठरलेल्या मार्गावरच होऊ शकते. ज्या गावातून टँकर कधीतरीच, यंत्राच्या लहरीने जातो, त्या गावात कोणाला काही माहीत नसतं. ड्रायव्हरलाही ते वळण, तो उतार, तो अरुंद पूल अनोळखी असतो. म्हणजे वळसा देऊन आपण धोका कमी वस्तीकडे नेतो खरा, पण बिनतयारीच्या वस्तीकडे नेतो. रस्त्यावरची साधी हालचालही किती महाग पडू शकते ते जयपूरला दिसलं: २० डिसेंबर २०२४च्या पहाटे भांकरोटा इथे एलपीजीचा टँकर महामार्गावर यू-टर्न घेत होता, ट्रकने त्याला धडक दिली, आणि पसरलेल्या वायूने मागेपुढे उभी असलेली कितीतरी वाहनं जाळून टाकली.

तेव्हा आमचं म्हणणं असं. मार्ग थोडे असावेत, आधी ठरलेले आणि आधी जाहीर केलेले. त्या मार्गांवरच्या लोकांना माहीत असावं की इथून काय जातं. ते कोणते असावेत यावर भांडण व्हायचं असेल तर दिवसाउजेडी, ग्रामसभेत आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढे व्हावं. ऐनवेळचा निर्णय त्या चौकटीच्या आत असावा आणि तो शक्यतो ‘कुठून’चा नसावा, ‘केव्हा’चा असावा. पुढे कोंडी आहे, वारा गावाकडे वाहतो आहे, शाळा सुटायची वेळ आहे? मग थांबा. यंत्राने सगळ्यात जास्त वेळा द्यायला हवा असा हुकूम हाच आहे, आणि नेमका तो हुकूम वळसा शोधणाऱ्या यंत्राला सुचत नाही, कारण थांबलेला टँकर त्याच्या दृष्टीने वाया चाललेला वेळ.

पण थांबायचं कुठे? आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९च्या, धोकादायक मालाबद्दल बरंच काही आहे. माल पाठवणाऱ्याने काय करायचं, वाहनमालकाने काय, चालकाने काय. चालकाबद्दल असंही म्हटलं आहे की वाहन उभं असेल तेव्हा ते आग, स्फोट आणि इतर धोक्यांपासून सुरक्षित अशा जागी उभं असावं आणि त्यावर लक्ष असावं. नियम चांगला आहे. पण संध्याकाळी पाच वाजता, खालापूर आणि घाट यांच्यामध्ये, ती जागा चालकाने पाच मिनिटांत स्वतः हुडकायची आहे. जी जागा सरकारने, कंपन्यांनी आणि आसपासच्या लोकांनी मिळून वर्षभर आधी ठरवायची, तिचं ओझं आपण क्लीनरच्या मोबाइलवर टाकलं आहे.

आमचा विद्यार्थी चुकला का? त्या पाच मिनिटांत नाही, असं आम्ही त्याला सांगितलं. त्याच्या आधीच्या दोन वर्षांत, जेव्हा पडदा शांत होता आणि त्या हिरव्या भागात काय आहे हे जाऊन पाहता आलं असतं, तेव्हा चुकला. एकटा तोच नाही, पण तोही.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, तेवढ्या घेतो. पहिली: ‘टँकरवरच्या फलकाचा सामान्य माणसाला काय उपयोग?’ बराच आहे. त्यावर एक चार आकडी क्रमांक असतो, जगभर एकच. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ क्लोरीन, १०७५ एलपीजी, १२०३ पेट्रोल. उलटलेला टँकर दिसला तर लांबून, वाऱ्याच्या उलट बाजूने, तो क्रमांक वाचता आला तर अग्निशामक दलाला आधी तो सांगा. वाचण्यासाठी जवळ मात्र जाऊ नका, आणि व्हिडिओ काढायला तर नाहीच.

दुसरी चिठ्ठी: ‘त्या फोन करणाऱ्या गृहस्थांना शेवटी उत्तर काय मिळालं?’ आमचा विद्यार्थी पुढच्या रविवारी मोटारसायकलवरून तिथे गेला. झाडीमागे चाळीसेक घरं आणि एक अंगणवाडी होती. ती जागा त्याने यादीतून काढली. जवळपास हिंडून रस्त्यालगत दुसरी जागा पाहिली, तिथेही सहा घरं निघाली. तो प्रत्येक घरात जाऊन बोलला, टँकरमध्ये काय असतं ते सांगितलं. कोणी नाही म्हटलं नाही; टँकर येणार असेल तेव्हा आधी फोन करा, एवढं म्हणाले. एका घरातल्या आजींनी नंबर दोनदा वाचून घेतला. आतापर्यंत तीन वेळा त्याने फोन केला आहे.